हॅम्लेटच्या गावचा जकात नाका

क्रोनबोर्गच्या तटावरून बाबांना व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. हिरव्या पडलेल्या तांब्याची छपरं, टोकदार मनोरे, मागे राखाडी समुद्र. खाली लिहिलं, ‘हॅम्लेटचा किल्ला!’ आणि दोन हार्ट. दोन मिनिटांनी टिक्स निळ्या झाल्या आणि उत्तर आलं, ‘मागे जमीन दिसते ती कोणती?’

‘स्वीडन.’

‘किती लांब?’

‘चार किलोमीटर.’

मग बराच वेळ नुसतं ‘टायपिंग...’ दिसत राहिलं. बाबा एका बोटाने टाइप करतात. शेवटी मेसेज आला, ‘मग तिथे नाका असणार.’

मी मोबाइल हातात धरून तशीच उभी राहिले. ऑक्टोबरचा गार वारा कानात शिरत होता, नाक लाल झालं होतं, आणि गेले दोन तास जे मी पत्रकं, पाट्या आणि काचेच्या पेट्या वाचत गोळा करत होते, ते माझ्या बाबांनी एका फोटोवरून ओळखलं होतं. नाका होता. चारशेहून जास्त वर्षं होता. खरं तर नाकाच होता, किल्ला नंतर आला.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकते. माझे बाबा जवळजवळ तीस वर्षं महापालिकेच्या जकात विभागात होते. साहेब वगैरे नाहीत, कारकून. हायवेवर पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचं, ट्रकवाल्याचं बिल बघायचं, ताडपत्री वर करून माल बघायचा, पावती फाडायची, वहीत नोंद करायची. दर आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला डिझेलचा आणि कांद्याचा वास असायचा. लहानपणी मला वाटायचं, ऑफिसचा वास असाच असतो.

मासकॉमला गेल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्यांची ओळखपरेड झाली. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे आर्किटेक्ट, एकीचे चक्क डॉक्युमेंटरी बनवणारे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “बाबा महापालिकेत आहेत. अकाउंट्सला.” तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. बेरजाच करायचे ते. पण ‘जकात नाका’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते तुम्हाला माहीत असेल. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासतात तसलं हसू. शाळेत असताना एका मैत्रिणीच्या वडिलांनी जेवायला वाढता वाढता विचारलं होतं, “नाक्यावर आहेत का? मग दुसरा फ्लॅट घेतला की नाही अजून?” सगळे हसले. मीही हसले. आमच्याकडे कर्जाचा एक वन रूम किचन होता आणि एक कायनेटिक. पण हे मी त्यांना सांगितलं नाही आणि बाबांना कधी काही विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणून नव्हे. ठाऊक नव्हतं म्हणून.

असो. तर क्रोनबोर्ग.

कोपनहेगनहून उत्तरेला लोकल ट्रेनने पाऊण तासावर हेल्सिंगॉर नावाचं गाव आहे. शेक्सपिअरने त्याचंच ‘एल्सिनोर’ केलं आणि आपल्या हॅम्लेटला तिथे राहायला पाठवलं. माझी कॉलेजातली मैत्रीण कोपनहेगनला आयटीत आहे, तिच्याकडे दहा दिवस पथारी टाकली होती. तिने ऑफिसला जाता जाता फर्मान काढलं, “हॅम्लेटचा किल्ला बघून ये, नाहीतर लोक विचारतील.” लोक विचारतील हे कुठेही जायला पुरेसं कारण असतं, त्यामुळे गेले.

आता मजा बघा. हॅम्लेट तिथे कधीच राहिला नाही, कारण तो मुळात नव्हताच. त्याची मूळ गोष्ट बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कामाला लागलेल्या साक्सो ग्रामाटिकस नावाच्या इतिहासकाराने लॅटिनमध्ये लिहिली. त्यातला राजपुत्र अॅमलेथ, आणि तो तिकडे पार पश्चिमेच्या युटलंडमधला. क्रोनबोर्गशी काडीचा संबंध नाही. शेक्सपिअर स्वतः इथे आल्याचा कुठलाही पुरावा नाही. पण १५८६च्या सुमारास इंग्लंडचे काही नट इथल्या दरबारात खेळ करायला आले होते, विल केम्प, जॉर्ज ब्रायन आणि थॉमस पोप. हे तिघे पुढे शेक्सपिअरच्याच नाटक कंपनीत होते. रंगपटात बसून त्यांनी काय काय गप्पा मारल्या असतील त्या असतील!

आपल्याकडेही हा राजपुत्र फार पूर्वी येऊन गेलाय. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने हॅम्लेट मराठीत आणला, आणि गणपतराव जोशींनी तो रंगभूमीवर असा गाजवला की आपल्या खापरपणजोबांच्या पिढीला डेन्मार्क म्हणजे गणपतरावच वाटले असणार. क्रोनबोर्गमध्ये मात्र हॅम्लेटचा पहिला प्रयोग झाला तो १८१६ साली, शेक्सपिअरच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली म्हणून, आणि केला कुणी, तर तिथल्या शिबंदीतल्या सैनिकांनी! पुढे १९३७मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली आले. अंगणात प्रयोग ठरला होता, पहिल्याच रात्री धो धो पाऊस. मग सगळं बिऱ्हाड जवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये हलवलं आणि तिथे खुर्च्या मांडून प्रयोग झाला. आपल्याकडच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेसारखंच अगदी.

म्हणजे गर्दी जमते ती कधीच नसलेल्या माणसासाठी. जे खरंच होतं त्याच्याकडे लोक ढुंकूनही बघत नाहीत.

खरं काय होतं? जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पोलंड, स्वीडन, फिनलंड, रशिया यांच्या मध्ये बाल्टिक समुद्र आहे. त्या काळी युरोपचं धान्य, जहाजाचं लाकूड, डांबर, दोरांचा ताग सगळं तिथून यायचं. उलट दिशेने मीठ, वाइन, कापड जायचं. बाहेर पडायच्या वाटा अगदी थोड्या, आणि त्यातली सगळ्यात सोयीची म्हणजे ही ओरेसुंडची खाडी. हेल्सिंगॉरपाशी ती इतकी अरुंद होते की समोरच्या स्वीडनमधल्या इमारती मोजता येतात. आज तो किनारा स्वीडनचा आहे, पण १६५८पर्यंत तोही डेन्मार्कचाच होता. म्हणजे बाटलीचं तोंड दोन्ही बाजूंनी एकाच माणसाच्या मुठीत!

पॉमेरेनियाचा एरिक नावाच्या राजाच्या हे लक्षात आलं. त्याने १४२०च्या दशकात इथे क्रोगन नावाची गढी बांधली आणि १४२९पासून हुकूम काढला, की इथून जाणाऱ्या प्रत्येक परदेशी जहाजाने थांबायचं, नांगर टाकायचा, किनाऱ्यावर येऊन सोन्याचं नाणं मोजायचं, मग पुढे जायचं. नाही थांबलात तर तोफा आहेतच.

बरं, हा पैसा थेट राजाच्या खिशात. सरदारांच्या मंडळाला विचारायला नको, नवीन कर लावायला त्यांची मनधरणी नको. कुठल्या राजाला नको असेल असं एटीएम? सोळाव्या-सतराव्या शतकात तर डेन्मार्कच्या एकूण उत्पन्नाचा दोन तृतीयांशापर्यंतचा वाटा या एका नाक्यावरून यायचा म्हणतात.

त्या पैशातून फ्रेडरिक दुसरा या राजाने १५७४ ते १५८५ या काळात जुन्या गढीचा राजवाडा केला. फ्लेमिश कारागीर बोलावले. सगळ्या उत्तर युरोपात रेनेसान्सच्या धाटणीचं याच्यासारखं दुसरं काही नाही अशी त्याची ख्याती झाली. विटांच्या भिंतींना वालुकाश्माचा मुलामा, वर तांब्याची छपरं, आणि आत नाचायचा हॉल बासष्ट मीटर लांब. मी तो चालून पाहिला. काळ्या-पांढऱ्या फरशीवर बुटांचा आवाज इतका घुमतो की आपण उगीचच चवड्यांवर चालायला लागतो. भिंतींसाठी हान्स क्नीपर नावाच्या कलावंताकडून गालिच्यासारखे चाळीसएक विणीव पडदे करून घेतले, त्यावर डेन्मार्कचे शंभर राजे, खरे आणि पुराणातलेही. त्यातले आता मोजकेच उरलेत, काही इथे, काही कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात. १५७७मध्ये राजाने त्याचं नावही बदललं. क्रोगन म्हणजे आकडा, हुक. ते बरं दिसत नव्हतं. नवं नाव क्रोनबोर्ग, म्हणजे मुकुटाचा किल्ला.

नाव बदलायचं हे वाचून मला थोडं हसू आलं. ‘महापालिकेत आहेत, अकाउंट्सला.’

पण माझ्या मते या राजाची सगळ्यात भारी कल्पना हॉलची नव्हे, जकातीची आहे. सुरुवातीला प्रत्येक जहाजाला सरसकट एक नाणं होतं, छोटं असो की मोठं. १५६७च्या सुमारास पेडर ओक्से या हुशार सल्लागाराच्या काळात मालावर कर बसवायला सुरुवात झाली आणि उत्पन्न एकदम तिपटीच्या घरात गेलं. पण माल आला की प्रश्न आला. मालाची किंमत कोण सांगणार? कप्तान सांगणार. आणि कप्तान कशाला खरी सांगेल?

नेमकी इथवर मी वाचून झाले होते तेव्हा बाबांचा तो मेसेज आला. मग मला राहवलं नाही. खाली बंदरावर जाऊन एका टपरीवजा कॅफेत बसले, पाचशे रुपयांची कॉफी घेतली (पाचशे! त्यात साखरही आपणच घालायची), आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. बाबा सोसायटीच्या बाकावर बसले होते, स्वेटर नाही, कानाला मफलर.

“बाबा, नाका होता. तुम्हाला कसं कळलं?”

“अगं, जागा दिसते ना. तिथे वळसा घ्यायला दुसरा रस्ता नाही. नाका कुठे टाकतात? जिथून चोरवाट नाही तिथे.” मग म्हणाले, “माल तिथे उतरायचा की नुसता जायचा?”

“नुसता जायचा.”

“मग ती जकात नाही. जकात म्हणजे शहरात माल येऊन उतरला, विकला, वापरला तर. नुसता आरपार गेला तर पारगमन शुल्क. वेगळी पावती असते.”

गेली सहा वर्षं मी लोकांच्या मुलाखती घेते. एवढा स्वच्छ खुलासा मला क्वचितच कुणी दिलाय. शिवाय याच मुद्द्यावर तो नाका शेवटी बंद पडला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने विचारायला सुरुवात केली, की आम्ही तुमच्या बंदरात येत नाही, तुमच्याकडे काही विकत नाही, नुसते समुद्रातून जातो, मग पैसे कसले? पण ती पुढची गोष्ट.

मी त्यांना मालाच्या किमतीचा प्रश्न सांगितला. बाबा पुढे वाकले, स्क्रीनवर नुसतं कपाळ दिसायला लागलं.

“हं. बिल खोटं आणणार. आमच्याकडे रोज. पाच लाखांचा माल, बिल दोन लाखांचं. तुम्ही करणार काय? प्रत्येक ट्रक खाली केला तर मागे तीन किलोमीटर रांग. ड्रायव्हर हॉर्न मारमारून जीव घेतात. मग यांनी काय केलं?”

“कप्तान सांगेल ती किंमत मान्य. पण एक अट. राजाला हवं असेल तर त्याच किमतीला तो सगळा माल विकत घेऊ शकतो.”

बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग ते हसायला लागले, इतके की शेजारच्या बाकावरचे काका बघायला लागले. “म्हणजे कमी सांगितली तर माल गेला, जास्त सांगितली तर कर जास्त. वा! झडती नको, भांडण नको. अगं, हे आम्हाला पाहिजे होतं!” आणि लगेच काकांना सगळं समजावून सांगायला लागले, मी फोनवर तशीच लटकलेली.

त्यांना इतकं खुशीत मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आमच्या शहरातली जकात २०१३ साली बंद झाली. व्यापाऱ्यांनी फटाके वाजवले होते, पेपरात फोटो आला होता. बाबांची बदली पाणीपट्टीत झाली आणि तिथूनच ते रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या तीस वर्षांबद्दल दीड वाक्य बोललं. ते केबिन अजून हायवेला आहे, पत्रा गंजलाय, बोर्डवरचा ‘ज’ तेवढा वाचता येतो. त्यांनी तिथे काय केलं हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझा तर धंदाच विचारण्याचा.

कॉफी संपली होती. मी विचारलं.

“बाबा, तुम्ही कधी घेतलेत?”

माणसं म्हणतात तसं हृदय वगैरे धडधडलं नाही. नुसता हात गार पडला, पण तो आधीच गार होता. बाबांनी काकांकडे पाठ केली आणि उठून चालायला लागले. स्क्रीनवर झाडं, पार्किंग, मग परत त्यांची हनुवटी.

“दोनदा,” ते म्हणाले. “एकदा आईचं ऑपरेशन होतं तेव्हा. एकदा उगीच, सगळे घेत होते म्हणून. दोन्ही वेळा रात्री झोप लागली नाही. तिसऱ्यांदा घेतले असते तर लागली असती. म्हणून थांबलो.”

मग म्हणाले, “तुला तिथे थंडी वाजत असेल. टोपी घाल.” आणि फोन ठेवला.

मी परत किल्ल्यात गेले. तिकीट दिवसभराचं होतं, पैसे वसूल करायला हवेत. खरं कारण म्हणजे मला चालायचं होतं.

तटाखाली तळघरं आहेत, दगडी, दमट, मिट्ट काळोखाची. तिथे होल्गर डान्स्के नावाचा दगडी दाढीवाला योद्धा बसल्या बसल्या झोपलाय. डेन्मार्कवर संकट आलं की जागा होतो म्हणे. त्याच्यासमोर शाळेची पोरं सेल्फी काढत होती. अशा अंधारात माणसंही कोंडली होती. अठराव्या शतकात किल्ल्याचा तुरुंग झाला, सक्तमजुरीच्या कैद्यांचा, पुढे सैन्याची छावणी. १९२०च्या दशकात सैन्य गेलं, डागडुजी झाली, आणि १९३८पासून लोकांसाठी खुला झाला. २०००मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आला.

वरच्या खोल्यांमध्ये एका कैद्याची गोष्ट मात्र जाता जाता सांगण्यासारखी नाही. राणी कॅरोलिन मॅथिल्डा, इंग्लंडच्या राजाची बहीण. पंधराव्या वर्षी डेन्मार्कच्या मनोरुग्ण राजाशी लग्न. राजाचा डॉक्टर स्ट्रुएन्से याच्यावर तिचा जीव जडला, आणि त्या डॉक्टरने राजाच्या नावाने देशाचा कारभारच हातात घेतला. भराभर सुधारणा केल्या, भराभर शत्रू केले. जानेवारी १७७२मध्ये दोघांना पकडलं. ती वीस वर्षांची, तिला इथे आणलं, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. एप्रिलमध्ये डॉक्टरचा शिरच्छेद झाला. मेअखेर भावाची जहाजं तिला न्यायला आली, पण मुलगी राजकन्या, ती द्यायला तयार नव्हते. बाळाला मागे ठेवून ती जहाजात चढली आणि तीन वर्षांनी, तेविसाव्या वर्षी, जर्मनीत वारली. २०१२च्या ‘अ रॉयल अफेअर’ सिनेमात ही गोष्ट आहे, जरूर बघा. खिडकीतून दिसते ती हीच खाडी. रोज जहाजं यायची, थांबायची, पैसे भरायची आणि जायची. तिला कुठल्याच भावाने जाता येत नव्हतं.

किल्ल्याचंही नशीब काही सरळ नव्हतं. सप्टेंबर १६२९मध्ये दोन कामगारांच्या हलगर्जीपणाने आग लागली आणि एका रात्रीत चर्च सोडून सगळं जळलं. तेव्हाचा राजा क्रिश्चियन चौथा. त्याने दुरुस्तीसाठी काय केलं असेल? बरोबर, जकात वाढवली. रस्ता खराब म्हणून टोल, टोल आहे म्हणून रस्ता, हे आपणच शोधलं असं कुणाला वाटत असेल तर गैरसमज दूर करावा.

हाच क्रिश्चियन चौथा आपल्याकडेही येऊन पोचला होता. १६१६मध्ये त्याने डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, १६१८ साली कोपनहेगनहून जहाजं निघाली, आणि १६२०मध्ये तंजावरच्या नायक राजाकडून तमिळ किनाऱ्यावरचं तरंगंबाडी मिळवून तिथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला आले आणि या डेन्मार्कवाल्यांना मराठ्यांच्या दरबाराशी जुळवून घ्यावं लागलं. म्हणजे इकडे आपल्या दारात लोकांकडून पैसे घेणारे तिकडे भोसल्यांच्या दारात उभे. शेवटी १८४५मध्ये त्यांनी ते सगळं इंग्रजांना विकून टाकलं.

आणि खुद्द नाका बंद झाला १८५७मध्ये. (आपल्याकडे त्या वर्षी काय चाललं होतं ते सांगायला नको.) अमेरिकेने पैसे भरणारच नाही म्हणून सांगितल्यावर सगळ्या युरोपाची कोपनहेगनमध्ये बैठक झाली, आणि डेन्मार्कला एकरकमी भरपाई देऊन खाडी मोकळी करायचं ठरलं. तीन कोटींच्या वर रिग्सडेलर. जकात गेल्यावर आपल्या महापालिकांना सरकारने भरपाई दिली, तसंच. हेल्सिंगॉरमध्ये एव्हाना चारशे वर्षं जहाजं थांबत होती. त्यांना पाणी, बिअर, दोर, भाज्या विकणारे, दुभाषे, दलाल, देशोदेशींचे वकील असं अख्खं गाव त्यावर उभं होतं. आता जहाजं थांबायचं कारणच उरलं नाही. पुढे गावाला गोदीचा आधार मिळाला, तीही १९८३मध्ये बंद झाली. आज तिथल्या कोरड्या गोदीत जमिनीखाली एक देखणं सागरी संग्रहालय आहे.

अरुंद खाडीचा आणखी एक उपयोग झाला, तो राजांना सुचला नसता. ऑक्टोबर १९४३मध्ये नाझी डेन्मार्कच्या ज्यूंना पकडायला निघाले, तेव्हा सात हजारांवर माणसं मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला निसटली. हेल्सिंगॉरमध्ये हे काम करणाऱ्या गटाने आपलं नाव ठेवलं होतं ‘शिवण क्लब’. काही कोळ्यांनी फुकट नेलं, काहींनी चांगले घसघशीत पैसे घेतले. दोन्ही नोंदी आहेत.

नोंदींवरून आठवलं. संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी, पोहे खाता खाता, मी लॅपटॉपवर त्या नाक्याच्या वह्या उघडल्या. हो, वह्या आहेत! सगळ्यात जुनी शिल्लक आहे ती १४९७ची, १५७४पासून जवळपास सलग, शेवटची १८५७ची. अठरा लाखांच्या घरात फेऱ्यांच्या नोंदी. तारीख, कप्तानाचं नाव, गाव, कुठून कुठे, काय माल, किती पैसे. सगळं नेटवर टाकलंय. युरोपात कुठल्या साली धान्य महागलं, कुठल्या युद्धात कुणाचा व्यापार बसला, कॉफी आणि साखर कधी वाढली, हे अभ्यासक आज या वह्यांतून काढतात. २००७ साली युनेस्कोने या वह्यांना ‘जगाची स्मृती’ या यादीत घेतलं. राजवाडा वेगळ्या यादीत आणि कारकुनांच्या वह्या वेगळ्या यादीत, पण दोन्ही युनेस्कोच. त्या कारकुनांपैकी कुणाचा पुतळा मला हेल्सिंगॉरमध्ये दिसला नाही. हॅम्लेटचा आहे.

एका पानाचा फोटो बाबांना पाठवला. रात्रीचे साडेबारा वाजले असतील तिकडे, तरी टिक्स निळ्या झाल्या.

‘अक्षर चांगलं आहे,’ त्यांनी लिहिलं. ‘बेरीज वेगळ्या कागदावर करून मग उतरवली असणार. खाडाखोड नाही.’

पाच मिनिटांनी दुसरा मेसेज. ‘आमच्या वह्या कुठे गेल्या कुणास ठाऊक.’

पुढच्या शनिवारी मैत्रिणीच्या गाडीतून आम्ही मालमोला गेलो. कोपनहेगनहून स्वीडनला त्याच खाडीवरून लांबलचक पूल आहे, २०००मध्ये उघडला. पलीकडच्या टोकाला टोल. ऑफिसमधल्या नव्या कलीगने मागच्या सीटवरून सहज विचारलं, घरी कोण कोण असतं, वडील काय करतात. मी म्हटलं, जकात नाक्यावर होते, आणि मग पूल संपेपर्यंत त्याला जकात आणि पारगमन शुल्क यांतला फरक समजावला. बिचारा ऐकत होता.

बाबांना टोलनाक्याचा व्हिडिओ पाठवला. गाडी थांबली नाही, नुसती हळू झाली, वर दिवा हिरवा झाला आणि आम्ही निघालो.

‘पावती?’ त्यांनी विचारलं.

‘मिळत नाही. काचेवरच्या टॅगमधून आपोआप कापतात.’

‘मग खिडकीत कोण बसतं?’

मी व्हिडिओ पुन्हा चालवून पाहिला. आमच्या रांगेला खिडकीच नव्हती.